व्रणवेदना आणि गाणें

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या आमगांवच्या घरीं नारळी पौर्णिमेच्या दिवशीं तेरा माणसांचा स्वयंपाक चालला असतां भाताचें पातेलें शेगडीवरून उतरवितांना कलंडलें आणि उकळती पेज माझ्या पत्नीच्या डाव्या पायावर घोट्यापासून बोटांपर्यंत सांडली. आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. येथें घरोघर दिवसांतून दोनदां भात शिजतो, व असे अपघातही कोणास नवे नाहींत. थोरल्या वहिनी तुपाची वाटी घेऊन धांवल्या, शेजारच्या एका गृहस्थांनीं शाई सुचविली, कोणी दांत घासण्याच्या मलमाची नळीही आणली. सुदैवानें माझी धाकटी सून परिचारिकेचें शिक्षण घेतलेली असून त्या दिवशीं ती घरींच होती. तिनें सर्वांस बाजूला सारून सासूचा पाय नळाच्या धारेखालीं धरला, तो वीस मिनिटेंपावेतों सोडला नाहीं. हें येथें मुद्दाम लिहितों. कारण भाजल्यावर पहिला उपचार म्हणजे वाहतें साधें पाणी. तूप नव्हे, शाई नव्हे, बर्फही नव्हे. हें आमच्या घरांतील तीन पदवीधरांस ठाऊक नव्हतें.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. माझ्या पत्नीस गेलीं नऊ वर्षें मधुमेह आहे. डॉक्टरांनीं पाय पाहून सांगितलें कीं, जखम फार खोल नसली तरी मधुमेही माणसाचा पाय आहे. एक दिवसाआड मलमपट्टी झालीच पाहिजे. हयगय झाली व पू धरला, तर बोट, प्रसंगीं पाऊलही गमवावें लागतें. तेव्हां दर दुसऱ्या दिवशीं तिला गाडींत घालून गोंदियास नेण्याचा क्रम सुरू झाला.

ज्यांनीं भाजलेल्या जखमेची पट्टी बदलतांना कधीं पाहिलें नाहीं, त्यांस ह्या दुःखाची कल्पना यावयाची नाहीं. भाजतांना होणारी वेदना एका क्षणाची असते. ती कळण्याच्या आधींच अर्धी होऊन जाते. पट्टीची वेदना मात्र नेमलेल्या दिवशीं, नेमलेल्या वेळीं, घड्याळ पाहून येते. ती आज येणार हें रोग्यास पहांटेपासून माहीत असतें. जेथें आम्ही प्रथम गेलों त्या ठिकाणाचें नांव मी घालीत नाहीं. तेथें गर्दी फार, आणि काम करणारे हात थोडे. वाळून जखमेस घट्ट चिकटलेली जाळी भिजविण्यास वेळ कोणास होता? ती तशीच ओढून काढण्यांत आली. मी बाहेर बांकावर बसलों होतों. छत्तीस वर्षांच्या संसारांत तिचा तसला आवाज मीं कधीं ऐकला नव्हता. तीन बाळंतपणांतही नाहीं.

असे तीन वेळां झालें. चौथ्या खेपेच्या आदल्या रात्रीं तिनें सांगून टाकलें कीं, आतां मी जाणार नाहीं. पाय जावयाचा असेल तर जाऊं द्या. मुलें समजावून थकलीं. माझे थोरले बंधू, ज्यांच्यापुढें आमच्या घरांत आजवर कोणी उलट बोललें नाहीं, त्यांनीं येऊन सांगितलें. त्यांनाही तिनें खालीं मान घालून 'नाहीं' असेंच उत्तर दिलें. रात्रीं तिनें जेवणही टाकलें. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशीं राहणें किती धोक्याचें, हें मला सुनेनें स्वयंपाकघरांत हळूच सांगितलें, तेव्हां माझे हातपाय गळाले.

त्याच वेळीं सून म्हणाली, "मामंजी, आपण सासूबाईंना पट्टीच्या वेळीं गाणें ऐकवून पाहूं या का?"

मला प्रथम रागच आला. एका बाईचा पाय जाण्याची वेळ आली आहे आणि ही गाण्याची गोष्ट काढते! मी कांहींसें तुटकच बोललों. ती गप्प राहिली व थोड्या वेळानें म्हणाली, "आम्हांला हें शिकवितात. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही आहे असें आमच्या बाई म्हणत. आपण संस्कृत शिकविलें आहे, आपणांस ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतें. तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पण रघुवंश व हितोपदेश ह्यांपलीकडे मुलांस नेण्याचा योग आला नाहीं, आणि वैद्यकाचे ग्रंथ कपाटांत वडिलांच्या वेळेपासून केवळ पूजेस लावावे तसे पडून होते. त्या रात्रीं झोंप येणें शक्य नव्हतेंच. मीं चरकसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत हवें तें सांपडलें, आणि मी चकित झालों.

हा उपकल्पनीय नांवाचा अध्याय आहे. रोग्यास वमन अथवा विरेचन द्यावयाचें झाल्यास आधीं काय काय सिद्ध ठेवावें, ह्याची त्यांत मोठी बारकाईची यादी आहे. घर कसें असावें? भक्कम असावें, वारा थेट अंगावर न येतां मोकळी हवा खेळावी, धूर, ऊन व धूळ नसावी, मनास न रुचणारे शब्द तेथें कानीं पडूं नयेत. पाण्याची सोय, उखळ, मुसळ, शौचकूप, स्नानाची जागा, पाकशाला, सारें नेमून दिलें आहे. मग माणसें: स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रोग्यास उठवून बसविणारे, औषधें वांटणारे. आणि ह्याच यादींत, त्याच पंक्तीला बसवून, गाणारे, वाद्यें वाजविणारे, श्लोक, कथा, इतिहास व पुराणें सांगण्यांत कुशल असे लोक जवळ असावेत असें म्हटलें आहे. हे लोक रोग्याचा अभिप्राय ओळखणारे व देशकाल जाणणारे हवेत, हेंही तेथें आहे. त्याच्या पुढें लावे, तित्तिर, ससे, हरिणें व दुभती गाय ह्यांची गणना येते. म्हणजे चरकाच्या मतें गवई ही रुग्णालयांतील चैनीची वस्तु नसून उखळ व दुभती गाय ह्यांसारखीच एक सामग्री होय.

सुश्रुताचार्य शस्त्रवैद्य, त्यांचें ह्या बाबतींतील लिखाण अधिकच नेमकें वाटलें. जखमी मनुष्याची शुश्रूषा कशी करावी ह्याविषयींच्या एकोणिसाव्या अध्यायांत त्यांनीं सांगितलें आहे कीं, प्रिय बोलणाऱ्या स्नेह्यांनीं रोग्याजवळ बसून गोष्टींनीं त्याची व्रणवेदना दूर सारावी. लहान मुलाचे कान टोंचतांना त्यास दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनीं रमवावें, असेंही सोळाव्या अध्यायांत आहे. परंतु येथें एक विवेक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जेथें प्रत्यक्ष शस्त्र चालवावयाचें तेथें सुश्रुत केवळ गोष्टींवर भिस्त ठेवीत नाहीं. तेथें तो आधीं रोग्यास खाऊं घालण्यास व वेदना न सोसणाऱ्या मद्यपी माणसास तीक्ष्ण मद्य पाजण्यास सांगतो. आपल्या प्राचीनांची स्तुति करतांना आपण सहसा हा विवेकच गाळतों.

सकाळीं मीं पत्नीस हें सारें सांगितलें. चरकाचें तिच्यावर कांहींच दडपण पडलें नाहीं. मात्र कान टोंचण्याची गोष्ट निघतांच ती आपल्या डाव्या हाताकडे पाहूं लागली. तिचें माहेर देवरीकडचें. तिच्या मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलें आहे, हें मीं इतकीं वर्षें पाहत आलों. तें कसें गोंदलें गेलें हें मात्र कधीं विचारलें नव्हतें. ती आठ वर्षांची असतांना गोंदणारीण दारीं आली होती. आजीनें हट्ट धरला. काजळींत बुडविलेल्या सुयांनीं हात टोंचून घ्यावयाचा म्हणून ही रडूं लागली. त्या बाईनें हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि टोंचतांना गाणें सुरू केलें. प्रत्येक ओळ संपली कीं मुलीनें 'हूं' म्हणावयाचें. हूं चुकला तर वृंदावन वांकडें येईल, असा धाक! "मी हुंकार द्यायच्या नादांत राहिलें, आणि बघतें तों वृंदावन झालेंही," असें ती म्हणाली. सुया टोंचतांना गाणें म्हणण्याची ही चाल मध्य भारतांतील गोंदणाऱ्या बायकांत पूर्वापार आहे. गोंदणाचीं म्हणून निराळीं गाणींच आहेत. ज्यांस अक्षरओळख नाहीं अशा ह्या बायकांनीं चरकाची ती ओळ आपल्या धंद्यांत जिवंत ठेवली, आणि आम्ही पोथीला फडकें गुंडाळून ठेवलें.

असो. इतक्या बोलण्यानें ती यावयास तयार झाली.

आतां माझ्या शहाणपणाची कथा सांगावी लागते. कोणत्या रोगावर कोणता राग, ह्याचें कोष्टक असलेली एक पुस्तिका कोणेके काळीं मीं घेऊन ठेवली होती. त्यांत मस्तकशूळावर दरबारी, आम्लपित्तावर अमका, रक्तदाबावर तमका अशी सोय होती. मीं विचार करून दरबारी कानड्याचें बांसरीवादन निवडलें, नातवाकडून तें मोबाईलवर घेतलें, आणि विजयी मुद्रेनें तिच्या कानांत घातलें. पांच मिनिटांत तिनें तें काढून टाकलें. "हें रडगाणें कशाला लावलेंत? आधींच कां मी थोडी रडतें आहें?" त्या दिवशींची पट्टी पूर्वीच्या तीन पट्ट्यांसारखीच गेली.

अशा कोष्टकांविषयीं माझें मत तेव्हांपासून पालटलें. पंडित ओंकारनाथ ठाकूर ह्यांनीं १९३३ सालीं रोममध्यें मुसोलिनीस पूरिया ऐकवून त्याची निद्रानाशाची व्यथा घालविली, ही आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकली आहे. एका थोर गायकाच्या समोर बसून गाणें ऐकण्याचा तो प्रभाव असेल. त्यावरून अमुक राग म्हणजे अमुक गोळी असा हिशेब मांडणें म्हणजे संगीत व वैद्यक ह्या दोहोंचाही अपमान होय. चरकाच्या त्या वाक्यांतही रागांचीं नांवें नाहींत. तेथें आहे तें अभिप्राय ओळखणारा मनुष्य. आणि मीं नेमका तोच शब्द वाचून सोडून दिला होता.

सुनेनें सासूला विचारलें, तुम्हांला काय ऐकावेंसें वाटतें? उत्तर क्षणांत आलें: गीतरामायण.

ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलेलीं व सुधीर फडक्यांनीं स्वरबद्ध केलेलीं हीं छप्पन गीतें पुणें आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर क्रमानें प्रसारित झालीं. माझ्या पत्नीचा जन्म त्यानंतरचा. पण तिच्या वडिलांनीं पुढें त्याच्या ध्वनिफिती घेतल्या होत्या व सुटीच्या दुपारीं त्या लागत. तिला सारीं गीतें मुखोद्गत आहेत. सुनेनें योजना आंखली ती अशी. पट्टीच्या सुमारें तासभर आधीं डॉक्टरांनीं सांगितलेली वेदनाशामक गोळी द्यावयाची, जी तोंवर आम्ही वेळीं अवेळीं देत होतों. तेथील सिस्टरना विनवून जाळी सलाइनच्या पाण्यानें पुरी भिजवून घ्यावयाची. भिजण्यास लागणाऱ्या वेळांत पहिलें गीत, आणि प्रत्यक्ष पट्टी चालली असतां पुढचीं दोन. इअरफोन एकाच कानांत, म्हणजे दुसऱ्या कानानें सिस्टरांचें बोलणें ऐकूं यावें. आणि फारच असह्य झालें तर तिनें बोट वर करावें; बोट वर होतांच हात थांबेल, असें सिस्टरांनीं वचन दिलें. एका खेपेस तीन गीतें, क्रम सोडावयाचा नाहीं, हा नियम मात्र रोग्याचा स्वतःचा.

त्या दिवशीं मी बाहेर बांकावर बसलों होतों व ओरडण्याची वाट पाहत होतों. ती आलीच नाहीं असें म्हणत नाहीं. दोनदां ती कण्हली. पण मध्येंच तिचा गुणगुणण्याचा आवाज आला आणि मी उठून उभा राहिलों. बाहेर आली तेव्हां कपाळावर घाम होता, डोळे ओले होते. "दोनदां बोट वर केलें," ती म्हणाली, "दोन्हीदां थांबल्या."

माझा गणिताचा अभ्यास बेताचा असला तरी एवढें मला कळतें कीं, एकाच दिवशीं गोळी वेळेवर दिली, जाळी भिजविली, बोटाचा करार झाला व गाणेंही लागलें, तर गुण कोणाचा हें एका रोग्यावरून ठरत नाहीं. म्हणून जगांत इतरत्र काय पाहण्यांत आलें आहे तें मीं सुनेकडून व तिच्या पुस्तकांतून समजून घेतलें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांतच वाद्यांच्या परिणामाचा विचार आहे. मनुष्याचा कंठ, फुंकून वाजविण्याचीं वाद्यें व अखंड स्वर देणारीं तंतुवाद्यें रोग्यांस बहुधा मानवतात, तुटक स्वरांचा पियानो मात्र नाहीं, असें त्यांचें निरीक्षण होतें. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतीं डॉक्टर केन म्हणून एक शस्त्रवैद्य होते. त्यांनीं १९१४ सालीं तेथील वैद्यकीय नियतकालिकांत लिहून कळविलें कीं, आपण शस्त्रक्रियेच्या खोलींत ग्रामोफोन ठेवतों, त्यामुळें भूल देण्यापूर्वीं रोग्याचें मन भीतीपासून दुसरीकडे वळतें. हे गृहस्थ विलक्षणच असले पाहिजेत. १९२१ सालीं त्यांनीं स्वतःचेंच आंत्रपुच्छ, केवळ तेवढी जागा बधिर करून, स्वतःच्या हातानें कापून काढलें!

१९६० च्या सुमारास अमेरिकेंतील गार्डनर नांवाच्या दंतवैद्यानें एक यंत्र केलें. रोग्याच्या कानांवर संगीत, आणि वेदना वाढूं लागली कीं धबधब्यासारखा घोष. दोहोंचें बटण रोग्याच्याच हातीं. दांत कोरतांना पुष्कळांस भुलीची गरज पडली नाहीं असें त्यानें प्रसिद्ध केलें. पुढें इतरांच्या हातीं तितका गुण आला नाहीं व तें यंत्र मागें पडलें. पण बटण रोग्याच्या हातीं देण्यांतली मेख मला पटते. आमच्या घरच्या वर केलेल्या बोटाची ती थोरली बहीणच.

पुष्कळ रोग्यांवरील प्रयोगांचा एकत्र विचार २०१५ सालीं 'लॅन्सेट' ह्या विख्यात इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्र्याहत्तर प्रयोग व जवळजवळ सात हजार रोगी. शस्त्रक्रियेच्या आधीं, चालू असतां अथवा नंतर ज्यांस संगीत ऐकविलें त्यांस वेदना कमी झाली, चिंता कमी झाली, व वेदनाशामक औषधही कमी लागलें. रुग्णालयांतील मुक्काम मात्र त्यामुळें आंखूड झाला नाहीं. पूर्ण भुलींत असलेल्या माणसासही थोडाफार गुण दिसला, जागृतास अधिक. आमच्या देशांतही दिल्लीच्या लोकनायक रुग्णालयांत व मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयांत २०२३-२४ सालीं असाच प्रयोग झाला. दुर्बिणींतून पित्ताशय काढावयाच्या छप्पन रोग्यांच्या कानांवर सारखींच यंत्रें लावलीं. त्यांपैकीं एका गटास बांसरी किंवा पियानोचें मंद वादन ऐकविलें, दुसऱ्यास कांहींच नाहीं. सारेच भुलींत निपचित. तरीही संगीत ऐकणाऱ्यांस भुलीचें औषध कमी पुरलें व ते अधिक शांतपणें शुद्धीवर आले.

'लॅन्सेट'मधील त्या लेखांत आणखी एक गोष्ट होती, ती वाचून मी जरा खट्टू झालों. गाणें रोग्यानें स्वतः निवडलें काय किंवा दुसऱ्यानें निवडलें काय, सरासरींत फारसा फरक पडत नाहीं, असें तेथें दिसून आलें. म्हणजे माझ्या दरबारीवरही कोणा रोग्यानें संतोष मानला असता! असेलही. परंतु सरासरी ही कोणाची पत्नी नसते. मला ज्या एका रोग्याचा विचार करावयाचा होता, तिनें माझी बांसरी कानांतून काढून फेंकली होती.

हें घडतें कसें? १९६५ सालीं मेलझॅक व वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनीं एक उपपत्ति मांडली. तिच्यांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी तिचा गाभा अजून मानला जातो. आमच्या गोंदियास चारी दिशांनीं आगगाड्या येतात, आणि गांवोगांवच्या फाटकाशीं थांबण्याची संवय येथील प्रत्येकास आहे. शरीरांतही पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपाशीं असेंच जणूं एक फाटक आहे. जखमेकडून निघालेली वर्दी तेथें पोहोंचते. पण फाटक किती उघडावें हें केवळ तिच्या जोरावर ठरत नाहीं. दुखऱ्या जागेच्या शेजारीं चोळलें तर स्पर्शाची वर्दी आधीं पोहोंचते व फाटक अर्धवट मिटतें. म्हणूनच ठेंच लागली कीं आपण पाय चोळतों. शिवाय फाटकवाल्यास वरून, म्हणजे मेंदूकडूनही हुकूम येतात. भय असेल तर 'सताड उघड', मन रमलें असेल तर 'थोडें लोटून घे'. गाण्याचें काम ह्या वरच्या हुकुमाशीं. जखम तीच राहते, वर्दीही तीच निघते. पण पोहोंचते ती क्षीण होऊन.

माझ्या थोरल्या बंधूंनीं हें सारें ऐकून घेतलें होतें. त्यानंतर महिन्याभरानें त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. ह्या शस्त्रक्रियेंत मनुष्य जागा असतो, डोळा तेवढा बधिर. त्यांनीं निश्चय केला कीं आपण विष्णुसहस्रनाम म्हणावयाचें. दहाव्या नांवाच्या आंतच शस्त्रवैद्यांनीं विनविलें कीं, आजोबा, मनांत म्हणा. ओठ हलले कीं डोकें हलतें आणि माझें हत्यार आपल्या डोळ्यांत आहे. दादांनीं उरलेलें मनांत म्हटलें. ह्याच्या उलट प्रकारही आहे. मेंदूच्या कांहीं शस्त्रक्रियांत रोग्यास मुद्दाम जागें ठेवून बोलतें किंवा गातें ठेवतात, म्हणजे वाणीच्या जागेस धक्का लागतो कीं काय हें तत्काळ समजावें. २०२१ सालीं दिल्लीच्या एम्समध्यें एका तरुण शिक्षिकेनें अशा शस्त्रक्रियेंत हनुमान चालीसा म्हटली होती. २०१७ सालीं बेंगळुरूस एक वादक हाताच्या बोटांच्या विकारासाठीं शस्त्रक्रिया चालली असतां गिटार वाजवीत होता. कोणत्या बिंदूवर बोटें मोकळीं झालीं हें त्याच्या वाजविण्यावरूनच कळलें. तेथें संगीत हें सांत्वन नसून मोजपट्टीच होय.

गुण सांगितले तशा मर्यादाही सांगतों. गाणें म्हणजे भूल नव्हे. कोणी वडीलधाऱ्यांनीं ह्या लेखाच्या आधारें 'गाणें लावा, इंजेक्शन कशाला' असें म्हटलें तर मला वाईट वाटेल. गाण्याचा आवाज बेताचा हवा. तें रोग्याच्या कानापुरतें असावें. साऱ्या खोलींत मोठ्यानें लावलें तर काम करणाऱ्यांसच एकमेकांचें ऐकूं येत नाहीं. लंडनमध्यें वीस शस्त्रक्रियांचें चित्रण पाहून २०१५ सालीं असें आढळून आलें कीं, संगीत चालू असतां शस्त्रवैद्यांस आपलें मागणें पुन्हां सांगण्याची पाळी अधिक वेळां आली. आणि ज्यास शांतता हवी आहे त्याच्या कानांत सुस्वर कोंबणें हाही एक छळच.

आतां त्या दिवसाविषयीं, जो मला सर्वांत अधिक आठवतो. अकरावी किंवा बारावी खेप असेल. बाहेर भाद्रपदाचा पाऊस, रात्रभर वीज नव्हती; टेबलावर पाय पसरून झाल्यावर नातवाच्या ध्यानांत आलें कीं मोबाईल मेलेला आहे. गोळी वेळेवर दिली होती, जाळी भिजत होती, बोटाचा करार होताच. नव्हतें तें फक्त गाणें. जो प्रयोग मीं धैर्यानें कधींच केला नसता, तो विजेनें करून दाखविला. पहिला थर निघेपर्यंत तिनें चार वेळां बोट वर केलें. मी त्या दिवशीं आंतच उभा होतों. सिस्टर थांबत, पुन्हां सुरू करीत. त्यांच्याही कपाळावर घाम आला. मग त्यांनीं, तोंडावरील पट्टीच्या आंतूनच, हलक्या आवाजांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें एक भजन धरलें. आमच्या ह्या भागांत असें गांव नाहीं जेथें खंजिरीवर तें भजन झालें नसेल. दुसऱ्या कडव्यास माझी पत्नी त्यांत सामील झाली. शेजारच्या खाटेवर हात भाजलेला एक सालेकसाकडचा म्हातारा होता; तोही भिंतीकडे तोंड करून पडल्यापडल्या म्हणूं लागला. मी गात नाहीं. माझा गळा घरांतील थट्टेचा विषय आहे. पण त्या दिवशीं मी हुंकार दिला.

शेवटचा थर निघेपर्यंत बोट पुन्हां वर झालें नाहीं.

सर्व मिळून एकवीस पट्ट्या झाल्या. पहिल्या तीन मुक्या, एक माझ्या बांसरीची, एक सिस्टरांच्या भजनाची, बाकीच्या सोळा गीतरामायणाच्या. नवरात्राच्या आधीं डॉक्टरांनीं पाय उलटसुलट पाहून सांगितलें कीं, नवी कातडी धरली, आतां यावयाचें कारण नाहीं. पाय रोज पाहत जा, अनवाणी हिंडूं नका, साखर संभाळा. पाऊल शाबूत आहे. घोट्यापाशीं रुपयाएवढा फिकट डाग राहिला आहे, एवढेंच.

घरीं परततांना तिनें गाडींत बोटांवर हिशेब केला. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. छप्पनांतून गेलीं अठ्ठेचाळीस, राहिलीं आठ.

"तीं आठ आज रात्रीं सगळ्यांनीं बसून ऐकूं या," ती म्हणाली. "दुखत नसतांना तीं कशीं लागतात तें मला पाहावयाचें आहे."